बैलमामाच्या बिनमुठीच्या गाड्या

शेलूबाजारात बाजाराच्या दिवशी तुम्ही कधी हायवेच्या कडेला चहा प्यायला थांबला असाल, तर हे तुम्ही पाहिलंच असेल. एक सहाचाकी गाडी मैदानातून हळूहळू चालली आहे आणि तिच्या मागच्या चाकाजवळून एक म्हातारा पळतो आहे. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात मिटलेली काळी छत्री, मान चाकाकडे वाकडी. नवखा माणूस ओरडायचा, "अरे थांबवा रे, म्हाताऱ्याचं धोतर अडकलं!" आम्ही टपरीवर चहा पिणारे हसायचो. धोतर अडकलेलं नसायचं. बैलमामा गाडीची चाल पाहत असायचा.

मामा जुन्या गाड्यांचा दलाल होता. त्याआधी तीस-पस्तीस वर्षं बैलांचा दलाल. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि ज्या मैदानात जोड्या उभ्या राहायच्या तिथं हळूहळू पिकअप आणि सहाचाकी गाड्या उभ्या राहायला लागल्या. दुसरे दलाल घरी बसले. मामा जागेवरून हलला नाही. तो म्हणे, "मैदान तेच हाय, गिऱ्हाईक तेच हाय. जनावर बदललं म्हणून मी कायले बदलू?" आणि खरंच त्यानं काहीच बदललं नाही. गाडीला तो शेवटपर्यंत जनावर म्हणत आला. स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. नुसता केबिनमध्ये बसला तरी त्याला मळमळायचं, म्हणून तो गाडी बाहेरूनच, पळत पाहायचा.

त्यातही तो मधल्या गाड्यांचाच दलाल. दहा-बारा चाकांच्या ट्रकला हात लावायचा नाही आणि तीन चाकांच्या टमटमकडे पाहायचा नाही. "मोठं जनावर गल्लीत शिरत नाई, लहान जनावर वझं ओढत नाई. कास्तकाराले मधलं लागते." हे मात्र मी मानतो. रिसोडकडची हळद असो, मंगरुळपीरकडची संत्री असो, सोयाबीनची पोती असो, वावराच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, मार्केटपर्यंत मधलीच गाडी जाते. मी चौथी शिकलो, पण चाळीस वर्षं स्टेअरिंग धरलं आहे. मला कोणी शिकवू नये.

बैलाचं वय दातांवरून कळतं. गाडीला दात कुठले? मामानं ते शोधून काढले. तो केबिनचं दार उघडून आत वाकायचा आणि क्लचच्या पायडलवरचं रबर अंगठ्यानं चाचपायचा. मालक सांगायचा, गाडी फार चाललेली नाही, मीटर पाहा. मामा म्हणायचा, "मीटर माणसानं फिरवलं, पायडल पायानं झिजलं. म्या पायाचं आयकतो." एकदा कारंज्याकडचा एक हुशार माणूस तिन्ही पायडलला नवीकोरी रबरं लावून आला. मामानं दार उघडलं, आत वाकला आणि तिथूनच ओरडला, "अरे बापा! म्हाताऱ्याले कवळी बसवून आणलं रे!" त्या माणसानं चहाचे पैसेही दिले नाहीत, तसाच गाडी घेऊन गेला.

माझा मोठा मुलगा राजू एकदा त्याला मोबाइलवर विकाऊ गाड्यांचे फोटो दाखवायला गेला. म्हणाला, "मामा, आता घरी बसल्या गाडी पाहता येते." मामानं फोटो पाहिला. मग म्हणाला, "मागून दाखव." राजू पुढचा फोटो शोधू लागला, तेवढ्यात मामानं मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथं राजूनं बायकोचा पासपोर्ट फोटो खोचला होता. मामा म्हणाला, "तुया गाडीपेक्षा हे बरी हाय. सांभाळून ठेव." राजू आठ दिवस बाजारात आला नाही.

पण मामाची खरी ओळख होती ती दाव्याची. आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायची दोरी, विकत नाहीत. बैल जातो, दावं घरी राहतं, म्हणजे घरची बरकत जात नाही. गाड्यांच्या धंद्यात आल्यावर मामापुढं पहिला प्रश्न हाच पडला की गाडीचं दावं कोणतं. त्यानं फार विचार केला म्हणे. शेवटी ठरवलं, गाडी ज्यानं धरून ठेवली जाते ते दावं. म्हणजे चावी.

तर त्याच्या पहिल्याच सौद्यात शिरपूर जैनच्या माणसानं केनवडच्या माणसाला पिकअप विकली. बैलबाजारासारखी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला, पेढा वाटला, आणि मामानं शिरपूरवाल्याला सांगितलं की चावी खिशात घाल आणि मागं न पाहता घरी जा. तो बिचारा जीपमध्ये बसून गेला. केनवडवाला गाडीत बसला आणि चावी शोधायला लागला. चटईखाली पाहिली, डब्यात पाहिली. शेवटी विचारलं, "मामा, चाबी कुठं हाय?"

"थे गेली शिरपूरले."

"मंग गाडी कशी चालू करू?"

मामानं केबिनमध्ये वाकून पाहिलं. मग म्हणाला, "चाबीबिगर चालत नाई काय? मले वाटलं, घराच्या कुलपासारखं असन. उघडं ठेवलं तर लागत नाई."

संध्याकाळ व्हायला आली, मैदान मोकळं करायचं होतं. उरलासुरला एक बैलबाजार अजून चालू होता. केनवडवाल्यानं तिथून एक जोडी मागून आणली, पिकअपला जुंपली आणि पेट्रोल पंपापर्यंत ओढत नेली. सगळा शेलूबाजार पाहायला उभा. मामाला लाज वाटायला पाहिजे होती. तो बैलांच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होता, "पाह्यलं? शेवटी कोण कामाले आलं?"

दुसऱ्या दिवशी चावी आली. पण मामानं नियम सोडला नाही, फक्त दावं बदललं. माणसाचा हात सगळ्यात जास्त ज्याला लागतो ते दावं, असं ठरलं. म्हणजे गिअरच्या दांड्यावरची मूठ. तेव्हापासून मामाच्या हातून विकली गेलेली प्रत्येक गाडी बिनमुठीची निघायची. विकणारा मूठ फिरवून काढायचा आणि घरी नेऊन देवापाशी ठेवायचा. घेणारा त्या उघड्या दांड्याला काय मिळेल ते लावायचा. कोणी चिंधी गुंडाळी, कोणी भुट्ट्याचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढलेलं कणीस, ठोके, मानोऱ्याकडच्या एकानं तर पोराचा भवरा बसवला होता. नवी मूठ बाजारात मिळत नाही असं नाही. पण माणूस आज घेऊ उद्या घेऊ करतो आणि चिंधीवरच वर्षं काढतो. वाशीम जिल्ह्यात गिअरला चिंधी दिसली की समजायचं, गाडी मामाच्या हातची.

आता माझ्या गाडीचं सांगतो. माझ्याकडे एक सहाचाकी होती. एकोणीस वर्षं मी ती चालवली, दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही. दोन्ही मुलींचे रुखवत तिच्यातून गेले. पण पासिंग संपत आलं होतं आणि राजूला बंद डब्याची नवी व्हॅन घ्यायची होती, एसी असलेली. मी म्हटलं, हळदीला एसी लागतो की तुला? तो म्हणाला, "आप्पा, अंगणात दोन गाड्या मावत नाईत. जुनी भंगारात देऊन टाका." भंगारवाला घरी येऊनही गेला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खडूनं हौद्यावर रेघा ओढल्या. कुठून कापायची त्याच्या. मी ओल्या फडक्यानं त्या रेघा पुसल्या आणि त्याला वाटेला लावलं. तो हसून म्हणाला, "आप्पा, पासिंग संपलं की तुमीच बोलावसान." त्याच दिवशी ठरवलं, गाडी विकीन तर चालवणाऱ्याला. कापणाऱ्याला नाही.

म्हणून मी गाडी मामाकडे नेली. मी चालवली, मामा पळाला. तेव्हा तो पंच्याहत्तरच्या पुढं गेलेला. लिंबाच्या झाडापर्यंत पळाला, तिथं खोडाला धरून उभा राहिला, दम घेतला आणि चार माणसांत म्हणाला, "आप्पा, डाव्या मांगच्या पायानं लंगडते."

मी म्हटलं, "माही गाडी?"

"मंग काय मी सोताचं सांगून राह्यलो काय?"

एकोणीस वर्षांत माझ्या गाडीला कोणी लंगडी म्हटलं नव्हतं. ज्याला पहिला गिअर कुठं असतो ते माहीत नाही त्यानं म्हणावं! मी म्हटलं, "मामा, तुमी बैलंच पाहा." आणि गाडी वळवून घरी आलो. दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. चहासुद्धा रस्त्याच्या पलीकडच्या टपरीवर प्यायचो. तिथला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. पण मी दोन महिने तोच प्यालो. मामा पलीकडून रोज छत्री वर करून रामराम करायचा, मी आकाशाकडे पाहायचो.

एक दिवस घरी कोणी नसताना मी गाडीखाली शिरलो. उगाच. डाव्या मागच्या चाकावरच्या स्प्रिंगचा मुख्य पाटा तडकलेला होता, केसाएवढी चीर, चिखलाखाली झाकलेली. मी वाशीमला जाऊन पाटा बदलून आणला. राजूला सांगितलं, वंगण करून आणलं. मग गाडी घेऊन शेलूबाजारात गेलो. मामा पुन्हा पळाला, लिंबाच्या अलीकडेच थांबला आणि म्हणाला, "बदलला काय पाटा?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग आपोआप जुळला असन," मामा म्हणाला. "चांगल्या जनावराचं हाड जुळते." आणि माझ्यासाठी चहा सांगितला. अलीकडच्या टपरीवरचा.

पंधरा दिवसांत त्यानं गिऱ्हाईक आणलं. शिरपूर जैनच्या कांताबाई. मंडपाचा धंदा त्यांचा. बांबू, खुर्च्या, कढया, लग्न असो की यात्रेकरूंचं जेवण. नवऱ्याच्या मागं धंदा त्यांनीच वाढवला आणि गाडीही स्वतःच चालवतात. त्यांनी पायडल पाहिलं, ऑइलची काडी पाहिली, गाडीखाली शिरल्या, माझ्यापेक्षा जास्त वेळ. बाहेर येऊन म्हणाल्या, "पाटा नवा हाय." मामा आभाळाकडे पाहत होता. पासिंगचा खर्च त्या करणार होत्या. आणखी सात-आठ वर्षं चालवीन म्हणाल्या. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

पण त्याच दिवशी भंगारवालाही तिथं आला होता. कोणी सांगितलं देव जाणे. टपरीवर चिवडा खात बसला होता आणि सौदा मोडायची वाट पाहत होता. त्याचा भाव कांताबाईंपेक्षा वरचढ होता आणि राजू माझ्या कानाशी लागला होता, "आप्पा, इचार करा." मी विचार केला नाही.

रुमालाखाली मामा आणि कांताबाईंची बोटं जुळली, सौदा ठरला. मी मूठ काढायला केबिनमध्ये चढलो. तेव्हा कांताबाई म्हणाल्या, "आप्पा, मुठीले हात लावू नोका."

"म्हंजे?"

"मूठ गाडीसंग येते."

मामा म्हणाला, "बाई, दावं देत नसतात."

कांताबाईंनी उजवा तळहात उघडून आमच्यापुढं धरला. मधोमध एक गोल वण होता, रुपयाएवढा. "हे पाहा मामा तुमचं दावं. चार साल झाले तुमच्या हातची पिकअप चालवून राह्यली. चिंधी निसटली की दांडा हातात घुसते. म्या तवाच कसम खाल्ली, बिनमुठीची गाडी घेईन तर नाव लावणार नाई. गिअर कशानं टाकू आता, लाटण्यानं?"

तिकडे माझीही अडचण होती. ती मूठ साधी नव्हती. काचेसारखी, आत लाल गुलाब. गाडी घरी आली त्या वर्षी माझ्या बायकोनं जत्रेतून घेऊन दिलेली. आणि सकाळी निघताना तिनं दारातच सांगितलं होतं, "गाडी कोणालेबी द्या. मूठ नाई आणली तर घरात येऊ नोका." एकोणीस वर्षांत तिनं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, "मूठ देणार नाई."

"मंग मी गाडी घेणार नाई."

"नोका घेऊ."

"नाईच घेत."

कांताबाई खाली उतरल्या. भंगारवाल्यानं चिवड्याचा कागद चुरगळून टाकला, हात झटकले आणि उठला. खिशातून खडू काढला त्यानं. मी पाहिलं. मामानंही पाहिलं.

मामाचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मूठ गाडीबरोबर जाऊ दिली तर जन्माचा नियम मोडतो. नाही जाऊ दिली तर ज्या गाडीसाठी तो या वयात दोनदा पळाला ती संध्याकाळपर्यंत तुकडे होऊन पडते. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. भंगारवाला गाडीजवळ पोचला आणि त्यानं खडू टेकवला, तसा मामानं छत्रीनं त्याच्या मनगटावर टोला दिला. "अजून जिवंत हाय थे," म्हणाला. "माणूस मेल्याबिगर माप घेते काय कोणी?"

आणि मग त्यानं छत्री गुडघ्यावर आडवी धरली आणि मुठीजवळ काडकन मोडली.

आम्हाला वाटलं, म्हातारा रागावला. तो रागावला नव्हता. त्यानं छत्रीचं वाकडं लाकडी मुठाळं वेगळं केलं, मला म्हणाला, "आप्पा, तुया गुलाब काढ." मी काढला. तो केबिनच्या पायरीवर चढला, गिअरच्या दांड्याला रुमालाची चिंधी गुंडाळली आणि वरून मुठाळं दगडानं ठोकून बसवलं. हलवून पाहिलं, हललं नाही. मग उतरला, कारण तेवढ्यानंच त्याला मळमळायला लागलं होतं. खाली बसून, डोकं धरून म्हणाला, "बाई, आता मूठ हाय. घ्या."

कांताबाई वर चढल्या. गिअर टाकून पाहिला. पहिला, दुसरा, तिसरा. छत्रीची मूठ हातात धरून गाडी चालवणारी बाई वाशीम जिल्ह्यात दुसरी नसेल. म्हणाल्या, "जमते मामा. फक्त पाणी आलं तर उघडाले नोका सांगू." मैदान हसायला लागलं. भंगारवालाही हसला, मनगट चोळत. गाडी रस्त्याला लागली. मी मूठ खिशात घालून घरी आलो, बायकोनं दार उघडं ठेवलं होतं.

त्यानंतर मामानं दोन पावसाळे ती बिनमुठीची छत्री वापरली. आम्ही म्हणायचो, मामा, नवी घ्या. तो म्हणायचा, "आता मीबी इकल्या गाडीसारखा झालो. चिंधीवर चालून राह्यलो." आणि छत्रीच्या दांड्याला खरंच चिंधी गुंडाळलेली असायची. पळणं मात्र कमी होत गेलं. आधी लिंबापर्यंत, मग टपरीपर्यंत, मग तो खाटेवर बसून नुसता कान द्यायचा आणि आम्ही गाडी त्याच्यापुढून न्यायचो. गेला तोही बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवून निजला तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी मैदानात एकही सौदा झाला नाही. कोणी बंद ठेवा म्हटलं नव्हतं. गाडी कशी पाहायची ते कोणाला सुचेना.

तेरवीला मंडप कांताबाईंचाच होता. खुर्च्या, कढया घेऊन माझी जुनी गाडी मामाच्या दारापुढं उभी होती. पासिंग झालेलं, हौद्याला नवा रंग, आत गिअरला छत्रीचं मुठाळं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. मी घरून गुलाबाची मूठ आणली होती. बायकोला विचारूनच आणली, तीच म्हणाली घेऊन जा. मनात होतं, मूठ गाडीला परत लावावी आणि मुठाळं मामीला द्यावं. मामाची वस्तू त्याच्या घरी राहील. मी मामीला तसं म्हटलं.

मामी चुलीजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "आप्पा, इतके वर्सं त्यायच्यासंग राह्यले अन हे शिकले नाई काय? जाणारा गेला. दावं मांगं राह्यते. राहू द्या जिथं हाय तिथंच."

मी मूठ परत खिशात घातली.

जेवणं झाली. सामान भरून झालं. कांताबाईंनी गाडी चालू केली आणि गल्लीतून हळूच बाहेर काढली. मी ओट्यावर उभा होतो. गाडी पुढं गेली आणि माझ्या कानाला काहीतरी खटकलं. मी पायरी उतरलो. मग दोन पावलं चाललो. मग कसं झालं सांगता येत नाही, पण धोतराचा सोगा माझ्या हातात होता आणि मी मागच्या चाकाजवळून पळत होतो, मान वाकडी करून, तेरवीच्या सगळ्या पंगतीसमोर. मागून राजू ओरडत होता, "आप्पा! धोतर अडकलं काय?"

"नाई रे," मी पळता पळता ओरडलो. "थांबवा गाडी! डाव्या मांगच्या पायानं लंगडते!"

कांताबाईंनी ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे पाहिलं आणि उतरून गाडीखाली शिरल्या. जोडचाकाच्या फटीत मुठीएवढा दगड अडकला होता. त्यांनी तो काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मंगळवारच्या बाजाराले मैदानात येजा आप्पा. मले एक पिकअप पाहाची हाय."

मी म्हटलं, मला वेळ नाही. मंगळवारी गेलो. जाताना छत्री घेतली.